डावीकडे पोहणारा मासा

१४ नोव्हेंबर २००७, बुधवार

दिवाळीचे पाहुणे गेले, चिवड्याचा डबा घासून पालथा घातला, आणि आज माझं नाव संगणकात गेलं.

सगळी करणी विनिताची, आमच्या सिद्धेशच्या बायकोची. तिने मला एका मंडळात घातलं. मंडळाचं नाव 'उलट-सुलट'. विणकामात टाके दोनच, एक सुलट आणि एक उलट, बाकी सगळा त्यांचा खेळ, म्हणून हे नाव. नागपूरपासून लंडनपर्यंतच्या मराठी बायका त्यात आहेत. सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक धरायचं, आठवड्याला एक प्रकरण वाचायचं, आणि वाचता वाचता सुईवर काय चढलं ते एकमेकींना लिहायचं. सध्या समुद्रावरच्या एका तारवाची कादंबरी चालू आहे. मुलंबाळं, सासवा, बिघडलेल्या आमट्या हे ओघाने येतंच.

मी म्हटलं, "अगं, मी चौथीत शाळा सोडलेली बाई. मी काय लिहिणार?"

"आई, तुम्ही बोला, मी टाईप करते," ती म्हणाली. "आणि मंडळात चौथी-पाचवी कोणी विचारत नाही. टाके किती ते विचारतात."

एकच अडचण. बायका मराठी लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. एक ओळ लावायला मला एक चहा लागतो. म्हणून विनिता ऑफिसला गेल्यावर वाचून दाखवायचं काम यांच्याकडे आलं. हे म्हणाले, "रिकाम्या बायकांचा बाजार आहे नुसता." पण चष्मा पुसून बसले. रिटायर झाल्यापासून यांना कोणी कामच सांगितलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

माझ्या ओळखीला सतरा उत्तरं. सतरा. आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगला इतकी माणसं येत नाहीत.

'कवडी' नावाच्या एकीने विचारलं, "काकू, तुम्ही विणायला कोणाकडे शिकलात?" इथे बायका टोपणनावं घेतात. कवडी हे काय नाव झालं, पण गोड आहे. आमच्याकडेही माळ्यावर एका डबीत कवड्या आहेत, कळंबच्या किनाऱ्यावर वेचलेल्या. कोणी वेचल्या ते इथे लिहीत नाही.

मी विनिताला सांगितलं, लिही. मी कोणाकडे शिकले नाही. सहासष्ट साली लग्न होऊन माणिकपुरात आले तेव्हा चर्चच्या मागे एका खोलीत राहायचो. समोरच्या खिडकीत लूर्डसबाई विणत बसायची. सासूबाईंचा धाक असा की समोर जाऊन विचारायची सोय नव्हती. मग मी खराट्याच्या दोन काड्या आणि जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर घेऊन आमच्या खिडकीत बसले. तिचा हात हलेल तसा माझा हात हलवायचा. चार महिन्यांनी टोपडं झालं. सासूबाईंनी विचारलं, कुठे शिकलीस, तर म्हटलं, आपोआप.

या गोष्टीवर बायका फिदा. टोरांटोच्या एकीने लिहिलं, वाचून रडू आलं. यात रडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

आज मोठी बातमी. कवडीला दिवस गेलेत. फेब्रुवारीत बाळ येणार. लग्नाला सात वर्षं झाली म्हणे, आशा सोडली होती. मी देवापुढे साखर ठेवली. ना ओळख ना पाळख, पण आनंद असा झाला की आमटीत मीठ दोनदा पडलं.

मंडळाची एक रीत आहे. कोणाकडे बाळ येणार असलं की प्रत्येकीने वीतभर चौकोन विणून पाठवायचा. नमुना सगळ्यांचा एकच. कोणीतरी एकीने ते जोडून दुलई करायची. तीस चौकोन लागतात. शेवटचा चौकोन आईने स्वतः विणून पाठवायचा, त्याशिवाय दुलई पुरी होत नाही.

आणि नमुना या खेपेला माझा. मी एका पत्रात लिहिलं होतं की तारवाचं प्रकरण ऐकताना सुईवर एक मासा आला. सगळ्या म्हणाल्या, मासाच हवा. जोडायचं कामही माझ्याकडे. मला महिन्यापूर्वी संगणक सुरू कुठून करतात ते माहीत नव्हतं.

कवडीचं पत्र हे वाचून दाखवत होते. "माझ्या आईच्या हाताला हिंगाचा वास असायचा," असं तिने लिहिलं होतं, "तिने विणलेल्या स्वेटरलाही तो लागायचा. शाळेत मुली हसायच्या. आता तो वास कुठे..." इथे हे थांबले. मी म्हटलं, पुढे वाचा की. तर म्हणाले, पान संपलं. संगणकावर पान कसं संपतं कोण जाणे. मग उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ घसा साफ करत होते. हवा बदलली आहे. रात्री हळदीचं दूध दिलं.

८ डिसेंबर

नमुना लिहून पाठवला. फोटो काढता आला नाही, कॅमेरा सिद्धेश स्वतःबरोबर घेऊन गेलाय. चोवीस टाके, अठ्ठावीस ओळी, निळ्या पाण्यात पांढरा मासा. माझ्या सुईवर जसा येतो तसा लिहिला, तोंडाकडून शेपटीकडे. तीनदा मोजला. देशोदेशीच्या बायका माझ्या मोजणीवर विणणार, एक टाका चुकला तर बत्तीस देशांत अब्रू जायची.

(विनिता म्हणते देश सहाच आहेत. असू देत.)

कवडी कुठे राहते ते सांगत नाही. लिहिते, मागे विहीर आहे, सासूबाई केळी सोलून मांडवावर उन्हात घालतात, पहाटे घंटा वाजते. मी म्हटलं, ही केरळात पडलेली दिसते. विनिताला एकदम ठसका लागला.

यांचं फिरणं हल्ली वाढलंय. पूर्वी स्टेशनपर्यंत जाऊन पेपर घेऊन यायचे, आज तीन तासांनी आले. चपला मातीने भरलेल्या. हातात सुकेळीची, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांची पुडी, केळीच्या सोपटात बांधलेली, जुन्या पद्धतीची. विचारलं तर म्हणाले, "रस्त्यात मिळाली." खाल्ली मात्र नाहीत. पुडी कपाटात, माझ्या लोकरीच्या पिशवीवर ठेवली.

१७ डिसेंबर

चौकोन यायला लागले. पोस्टमन रमेश खालूनच हाक मारतो, "आजी, तुमचे मासे आले."

पहिलं पाकीट पुण्याचं. उघडलं. मासा उजवीकडे बघत होता.

माझा मासा डावीकडे पोहतो. नमुन्याचा चौकोन काढून शेजारी ठेवला. एक इकडे, एक तिकडे, भांडण झालेल्या जावांसारखे. दुसरं पाकीट नाशिकचं, उजवीकडे. तिसरं दुबईचं, उजवीकडे. मग विनिताने बाकीच्यांचे फोटो उघडून दाखवले. एकूण एक मासा उजवीकडे.

म्हणजे चूक माझी. सगळ्या थोडीच चुकतील. चौथी शिकलेल्या बाईने देशोदेशी शहाणपण पाठवलं आणि तोंडावर आपटली. विनिता म्हणाली, "आई, मासाच आहे ना, पोहू दे कुठेही." मी तिच्यावर उगीच डाफरले. माझं नाव मंडळातून काढून टाक म्हटलं. ती ऐकल्यासारखं करून निघून गेली.

१९ डिसेंबर

दोन दिवस टाके मोजले. लिहिलेलं आणि विणलेलं तंतोतंत एक. कुठेही चूक नाही. मग मासा फिरतो कुठे?

शेवटी पिशवी उचलली आणि लूर्डसबाईकडे गेले. आता ऐंशीची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण जीभ शाबूत. इतक्या वर्षांत चर्चच्या फेस्ताला, दिवाळीला येणंजाणं झालं, पण तिच्यासमोर सुया काढून मी कधी बसले नव्हते. लाज वाटायची. चोरून शिकलेली विद्या.

"वीन बघू," ती म्हणाली.

मी विणू लागले. ती पुढे झुकली, माझी मनगटं धरली, आणि हसायला लागली ती खोकला येईस्तोवर.

"अगं बाय, हे कुनी शिकवलं तुला?"

"तूच," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. खिडकी, खराट्याच्या काड्या, सासूबाई.

"मंग बरोबर," ती डोळे पुसत म्हणाली. "मी समोर बसलेली. माझा उजवा हात तुझ्या डावीकडं दिसायचा. तू तो डाव्यानं उचलला. आरशातली लूर्डस हाय तू. सगळं जग या बाजूनं सुरू करतं, तू त्या बाजूनं. चाळीस वर्सं तू उलटी विनतेस आनि तुला कोनी बोललं नाय?"

कोणी बोललं नाही. स्वेटर दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, टोपडंही. मी साधंच विणायची. माशालाच काय ते तोंड असतं.

मग म्हणाली, "तवा दार वाजवायचं होतं. रस्ता तो केवढा, चार पावलं. मी काय खाल्ली असती तुला?"

परत येताना हसूही येत होतं आणि ते वाक्यही आठवत होतं. चार पावलं.

२० डिसेंबर

मंडळात सगळं खरं खरं लिहून टाकलं. नमुन्यात चूक नाही, माझ्या हातांत आहे. मी आरशातली विणकरीण आहे, माझा एकटीचा मासा उलटा जाणार, तर मी माझा चौकोन उसवून दुसरा करते.

बायकांनी धुमाकूळ घातला. उसवायचा नाही म्हणजे नाही. टोरांटोची म्हणाली, काकू, तुमचा मासा वाट दाखवणारा, तो मध्ये बसवा. एकीने तर आरसा समोर ठेवून माझ्यासारखं विणून बघितलं, तासाभरात तिची मान धरली. मी वाचताना, म्हणजे ऐकताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

फक्त कवडीने काही लिहिलं नाही. तिच्या दिवसांची काळजी वाटते.

६ जानेवारी २००८

अठ्ठावीस चौकोन आले. माझा धरून एकोणतीस. पलंगावर मांडून ठेवलेत, सिद्धेशला झोपायला खाली गादी. सगळा पलंग समुद्र झालाय.

तिसावा कवडीचा. तिचं सतरा दिवसांत एक अक्षर नाही. विनिताला विचारलं तर म्हणते, "येईल आई, विचार करत असेल." चौकोन विणायला विचार कसला?

आज कोणी घरात नाही म्हणून लिहिते. कवडीच्या पत्राची मी वाट बघते तशी कोणाच्या पत्राची बघायला हवी होती ते मला माहीत आहे. मीरा. आमची मुलगी. सात वर्षांपूर्वी तिने वटारच्या रुडॉल्फशी लग्न केलं. हे म्हणाले, नाव काढायचं नाही. मी काढलं नाही. तिने दोनदा फोन केला, मी आवाज ओळखला आणि यांच्याकडे बघितलं आणि ठेवून दिला. दोष यांना देत आले, पण फोन माझ्या हातात होता. माझ्या हाताला कोणी धरलं नव्हतं. लूर्डसबाईच्या खिडकीतून मी विद्या घेतली, तिच्या बिरादरीतला जावई मात्र मला घेता आला नाही. वटार इथून रिक्षाने किती लांब असेल? मला माहीतसुद्धा नाही.

१२ जानेवारी, शनिवार

दुपारी रमेशने पाकीट हातात दिलं. म्हणाला, "आजी, हे तर इथलंच आहे. परदेशाची तिकिटं संपली वाटतं."

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मी कात्रीने कड कापली आणि चौकोन बाहेर काढला.

मासा डावीकडे पोहत होता.

पहिल्यांदा वाटलं, उलटा धरलाय. फिरवला. मासा पाठीवर पडला, पोट वर. परत सरळ केला. डावीकडे. माझा चौकोन उचलून त्याच्यावर ठेवला. डोळ्यावर डोळा, शेपटीवर शेपटी. काठाचा पहिला टाका न विणता नुसता उचलायची माझी खोड, तीही तशीच.

असा मासा जगात दोनच माणसांच्या हातून येऊ शकतो. एक मी. दुसरी, आठ वर्षांची असताना या पलंगावर माझ्या मांडीला मांडी लावून बसून शिकलेली.

खाली बसले. हे आतून आले. त्यांनी चौकोन बघितला आणि काहीच विचारलं नाही. त्यावरून कळलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"हिंगाचा वास म्हणाली तेव्हापासून," हे म्हणाले. "पुढे लिहिलं होतं, बाबा मला स्वेटर घालून स्टेशनपर्यंत सोडायचे. ते मला वाचता येईना."

"आणि ते तीन तास फिरणं?"

"वटार. तीनदा गेलो. फाटकापर्यंत. एकदा रुडॉल्फची आई बाहेर आली, तिला वाटलं सुकेळी घ्यायला आलोय. घेतली आणि आलो. काय बोलणार होतो?"

संध्याकाळी विनिता आली. पलंगाकडे बघून दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "केरळ का गं?" ती रडायला लागली. मंडळात कवडी नावाने मीरा आधीपासूनच होती, विनिताशी तिचं बोलणं कधी तुटलंच नव्हतं. मला घालायची कल्पना दोघींची. मीरा म्हणायची, निदान आईचं बोलणं वाचायला मिळेल.

आता एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी मंडळात सगळं लिहिलं होतं, माझे हात कसे चालतात, माझा मासा एकटा का. मीराने ते वाचलं होतं. चौकोन विणला की आईला कळणार हे तिला माहीत होतं. दुसरा कुठलाही विणून पाठवता आला असता, कोणाकडून विणून घेता आला असता. तीन आठवडे विचार करून तिने हाच पाठवला.

मला वाटायचं मला काही कळत नव्हतं. कवड्यांची डबी माळ्यावर, विहीर, घंटा, सात वर्षं. कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. चौकोन काही फोनसारखा ठेवून देता येत नाही. तो हातात राहतो.

रात्रीतून सगळे चौकोन जोडले. विनिता दोरा ओवून देत होती. दोन डावे मासे मध्ये शेजारी शेजारी, बाकी अठ्ठावीस समोरून येणारे.

१३ जानेवारी, रविवार

सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हणाले, "रिक्षा आणू का?" इतकंच. सात वर्षांचा हुकूम एवढ्या तीन शब्दांत उठला. मी म्हटलं, आणा.

वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं. मी वाटेत दोनदा रिक्षावाल्याला विचारलं, हेच का वटार.

रुडॉल्फ चर्चहून नुकताच आला होता, नवी पँट तशीच. फाटकात आम्हाला बघून त्याला काय करावं सुचेना, हातातली पावाची पिशवी यांच्या हातात दिली. त्याच्या आईने यांना ओळखलं. "हे तर आपले सुकेळीवाले गिऱ्हाईक," म्हणाली. "बाबा, आज आत या. दर वेळी फाटकातनं काय परत जाता?"

मीरा व्हरांड्यात बसली होती. पोट एवढं मोठं. हातात सुया. उठायला लागली तर मी हातानेच बस म्हटलं. माझ्याकडे आधी बघितलं नाही, पिशवीकडे बघितलं.

"मासा लागला का गं?" तिने विचारलं.

"लागला," मी म्हटलं.

"मला वाटलं उसवून टाकशील."

"फोन ठेवला तेव्हा मी उसवलंच होतं," मी म्हटलं. "आता जोडून आणलंय."

तिने दुलई मांडीवर घेतली आणि मधल्या दोन माशांवरून हात फिरवला. मग नाकाशी नेली. हिंग, सकाळीच फोडणी केली होती. तिचा चेहरा दुलईत गेला तो बराच वेळ वर आला नाही.

तिच्यासमोर एक खुर्ची रिकामी होती, रुडॉल्फने माझ्यासाठीच ओढून ठेवली होती. मी तीत बसले नाही. समोर बसून शिकल्याने, समोर बसून बघितल्याने काय होतं ते मला पुरतं कळलंय. बाकावर तिच्या शेजारी जागा होती, तिथे गेले, मांडीला मांडी लावून बसले आणि पिशवीतून माझ्या सुया काढल्या.

समोरच्या खुर्चीत हे बसले, मांडीवर पावाची पिशवी घेऊन. थोड्या वेळाने खिशातून विनिताने कागदावर छापून दिलेलं या आठवड्याचं प्रकरण काढलं, चष्मा पुसला आणि तारवाची गोष्ट वाचायला लागले.

"बाबा," मीरा म्हणाली, सुईवरून नजर न काढता, "आज पान मध्येच संपवू नका."

हे उठले ते पूर्ण प्रकरण वाचूनच.